जरा बाहेर जाऊन येतो

४ फेब्रुवारी

बारक्या,

पत्र आलं म्हणून लगेच हुरळून जाऊ नकोस. मी तुला माफ केलेलं नाही. तुमच्या वर्गाच्या बाईंचा फोन आला होता, तोही हॉस्पिटलच्या नंबरवर. कपडेखात्यातल्या सगळ्या बायका हातातलं काम टाकून कान टवकारून बसल्या. मी आपलं "हो, हो, बरं" एवढंच बोलले आणि फोन ठेवल्यावर सांगितलं, विम्याची बाई होती. इस्त्रीवालीचा विश्वास बसला नाही, पण तिचा कशावरच बसत नाही.

बाई म्हणाल्या, तुमचा भाऊ रागाच्या वर्गाला बसतो. मी म्हटलं, त्याला वर्ग कशाला, त्या विषयात तो आधीच पहिला येईल. त्या हसल्या. मग समजावून सांगायला लागल्या. राग चढायला लागला की आधी अंगात काय होतं ते ओळखायचं, आणि हात उठायच्या आत काय करायचं ते शिकायचं. सुरुवातीपासून तू एकदाही गैरहजर राहिला नाहीस म्हणे. शाळेत पोचवताना मला एका हातात तुझं दप्तर आणि दुसऱ्या हातात तुझा कान धरावा लागायचा, हे मी त्यांना सांगितलं नाही.

तर त्यांचं म्हणणं असं. तुला लवकर सोडायचं की नाही ते समिती ठरवणार. सोडायचं तर राहायला पत्ता हवा. आणि त्याआधी एकदा दोन दिवसांची रजा, त्याच पत्त्यावर, कसं जमतं ते बघायला. पत्ता म्हणजे माझं घर. तुला दुसरं आहेच कोण.

माझं मनगट बरं आहे. मोठ्या चादरी मशीनवर उलटवता येत नाहीत, म्हणून आता मला पेशंटच्या गाउनच्या नाड्या शिवायला दिल्या आहेत. दिवसभर नाड्या. अख्ख्या हॉस्पिटलच्या पाठी झाकायचं काम माझ्याकडे आहे म्हण.

तक्रार मीच केली होती आणि तशी वेळ आली तर पुन्हा करीन. आधीच्या दोन्ही वेळी तू बाहेरच्या माणसांना मारून आत गेलास, आणि दोन्ही वेळी "ताई, आता कानाला खडा" म्हणत घरी आलास. तिसऱ्या वेळी माझा हात मोडलास. तेव्हा तुझ्या वर्गावर माझा किती विश्वास असेल ते तूच बघ.

विचार करते.

ताई

१९ फेब्रुवारी

बारक्या,

नातेवाइकांच्या बैठकीला मी आले ती बाईंनी फार गळ घातली म्हणून. तू समोरच्या खुर्चीत बसून नखं बघत होतास. मीही मुद्दाम तुझ्याकडे बघितलं नाही. बारीक झालायस. डोक्यावर मागच्या बाजूला केस गेलेत, ते तुला आरशात दिसत नसणार म्हणून सांगते.

खोली मला आवडली नाही. हिरव्या भिंती, गोल मांडलेल्या खुर्च्या, मधे काहीच नाही. टेबल असतं तर निदान हात कुठे ठेवायचे ते तरी कळलं असतं. माझ्या शेजारी एका पोराची आई होती, ती सारखी पदराला डोळे पुसत होती. पलीकडे कुणाची तरी बायको.

मी काय विचारलं ते तू ऐकलंसच. "बाई, याचा उपयोग होतो का हो?" सगळे माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी देवळात चप्पल घालून आले. मला वाटलं, आता बाई म्हणणार, होतो तर, शंभर टक्के होतो. पण नाही. त्या म्हणाल्या, "सगळ्यांना नाही होत. शेवटपर्यंत टिकतात त्यांच्यातले कमी लोक मारामारी करून परत येतात. पण जे शेवटपर्यंत टिकतात ते मुळातच वेगळे असतात, की माझ्या वर्गामुळे वेगळे होतात, ते मला छातीठोकपणे सांगता येणार नाही. आणि अर्ध्यावर सोडतात त्यांचं तर काही खरं नसतं."

आपल्या मालाबद्दल असं बोलणारा दुकानदार मी आजवर पाहिला नाही. तिथेच मला ती बाई पटली.

मग त्यांनी ते करून दाखवायला लावलं. मान गरम झाली, दात आवळले गेले, की उठायचं. "जरा बाहेर जाऊन येतो" म्हणायचं. बाहेर जायचं, चालायचं, आणि उतरला की परत यायचं. तू उठलास, म्हणालास, गेलास, आलास. नाटकातल्या शिपायासारखा. मला हसू आलं आणि त्याच वेळी डोळे पुसावे लागले. का ते विचारू नकोस.

आम्हा घरच्यांनाही नियम आहेत म्हणे. मागून हाक मारायची नाही, पळपुटा म्हणायचं नाही, वाट अडवायची नाही. मी म्हटलं, म्हणजे मी बोलत राहायचं आणि याने उठून चालू लागायचं? त्या म्हणाल्या, "हो. आणि तो परत येतो. परत येणं हा अर्धा धडा आहे."

रजेच्या कागदावर मी सही केली. दोनच दिवस. तिसऱ्या दिवशी मला सकाळची पाळी आहे.

ताई

२० मार्च

बारक्या,

शनिवारी येतोस ना? जेलच्या साहेबांनी तारीख बदलली तर मला कुणी कळवणार नाही, म्हणून विचारते.

तुझी खोली झाडून घेतली. तशीही धूळ फार साचली होती, तुझ्यासाठी म्हणून नाही. तुझी गादी उन्हात टाकली. नवीन चादर शिवली, हॉस्पिटलातून आणलेली नाही, पैसे देऊन कापड आणलंय. दोन माणसांचं किती शिजवायचं ते मी विसरून गेले आहे. परवा सराव म्हणून शिजवलं आणि तीन दिवस तेच खात बसले.

घर तसं ठीक आहे. संध्याकाळी घरी आले की आधी रेडिओ लावते. कुणीतरी बोलत असलं की बरं वाटतं, मग तो बाजारभाव का सांगेना. शेजारचे घड्याळवाले काका म्हणतात, फार मोठ्याने लावता. ते दुकान विकून घरी बसले आहेत आणि आता दिवसभर भिंतीला कान लावून असतात. तू आलास की त्यांच्याशी नीट बोल.

तुझ्या येण्याचं मला काही एवढं नाही. पण ये.

ताई

३ एप्रिल

बारक्या,

काय मिळवलंस हे करून?

किती छान चाललं होतं. शनिवारी आलास, नळाचा वायसर बदललास, कपाटाचं दार घासत होतं ते तासून दिलंस. जेवलास. मी रेडिओ लावायला विसरले, हे मला तू झोपल्यावर लक्षात आलं. आणि रविवारी दुपारी खिडकीतून उडी! चांगला घोडा झालायस, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून, ओट्यावर पाय देऊन, मागच्या बोळात! घड्याळवाल्या काकांनी "चोर, चोर" म्हणून गल्ली गोळा केली. एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी, आणि दोन पोलिसांच्या मधे तू. सगळी खिडक्यांत उभी होती.

आता रजा मोडली म्हणून तुझ्या नावावर शेरा पडला. समितीपुढे हेच येणार. साहेबांनी तुला विचारलं, का पळालास? तर तू काय म्हणालास? "उकडत होतं." उकडत होतं म्हणून माणूस खिडकीतून उडी मारतो? घराला दार नव्हतं का?

मला साहेबांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, मला काही माहीत नाही, मी बाहेरच्या खोलीत होते.

ओट्यावर तुझ्या पायाचा ठसा उमटलाय. पुसलेला नाही अजून.

ताई

९ एप्रिल

बारक्या,

मागचं पत्र फाडून टाक.

घराला दार होतं. दारात मी उभी होते.

तुला सगळं माहीत आहे, तरी लिहिते, कारण मी ते कुणाला तरी सांगायला हवं आणि सांगण्यासारखं मला तुझ्याखेरीज माणूस नाही. तू म्हणालास, सुटल्यावर दुसऱ्या गावी लाकूडकामाच्या कारखान्यात जागा मिळेल असं बाई म्हणतात. एवढंच म्हणालास. विचार करतो, असंही म्हणालास. आणि माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. आई गेली तेव्हा तू माझ्या कमरेएवढा होतास इथून सुरू केलं, ते तुझ्यासाठी मी लग्न केलं नाही, तुझ्यापायी हात मोडून घेतला, गल्लीत मान खाली घालून चालते, इथपर्यंत. कुठे थांबायचं ते मला कधीच कळलेलं नाही. तुझी मान लाल झालेली मला दिसत होती. दात आवळलेले दिसत होते. बाईंनी शिकवलेलं सगळं मला पाठ होतं, आणि तरी मी बोलत राहिले.

तू उठलास. "ताई, जरा बाहेर जाऊन येतो." अगदी तसंच, वर्गात म्हणाला होतास तसं.

आणि मी धावत जाऊन कडी लावली आणि दाराला पाठ लावून उभी राहिले. म्हटलं, "नाही जायचं. माझं बोलून झालेलं नाही."

तू दोनदा म्हणालास, "ताई, बाजूला हो." दुसऱ्यांदा तुझा आवाज फुटला. मी म्हटलं, "मार ना. मार, दुसराही हात मोड." असं म्हणाले मी. तुझा हात वर गेला, मी डोळे मिटले. मग काहीच झालं नाही. डोळे उघडले तेव्हा स्वयंपाकघरात भांडी पडल्याचा आवाज येत होता.

बाबा घर सोडून गेले तेव्हा तू रांगत होतास, तुला आठवणार नाही. ते चप्पल घालत होते आणि आई तांदूळ निवडत होती. ती उठलीसुद्धा नाही. मला कितीतरी वर्षं वाटायचं, हिने उठून दार अडवलं असतं तर ते थांबले असते. मी काही सबब सांगत नाही. तेव्हा माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते सांगते आहे.

तू पोलिसांना सांगितलं असतंस तर सुटला असतास. मला वाचवायला "उकडत होतं" म्हणालास. गाढवा.

मी उद्या जाऊन साहेबांना सांगते.

ताई

११ एप्रिल

बारक्या,

सांगितलं. साहेब जेवायला बसले होते, मला बाहेर बाकावर ताटकळत ठेवलं, मग आत बोलावलं. माझं ऐकून त्यांनी पेन खाली ठेवलं.

"म्हणजे तुम्हाला मारायला लागू नये म्हणून तो खिडकीतून गेला?"

"हो."

"आणि तुम्ही त्याला अडवलं होतं?"

"हो."

"आणि त्या दिवशी म्हणालात, मला माहीत नाही."

"खोटं बोलले."

त्यांनी पेन पुन्हा उचललं. मग म्हणाले, "ताई, इतकी वर्षं नोकरी केली, मारून पळालेले पुष्कळ पाहिले. मारायचं नाही म्हणून पळालेला पहिलाच." आणि हसले. मला हसू आलं नाही, पण हलकं वाटलं. माझा जबाब त्यांनी पुन्हा लिहून घेतला.

बाहेर तुमच्या बाई भेटल्या. मला वाटलं, आता त्या माझी चांगली हजेरी घेणार. त्या म्हणाल्या, "त्याने धडा बरोबर केला. फक्त परत यायचा अर्धा राहिला, कारण वाटेत पोलीस भेटले." मग माझा हात हातात घेतला, मोडलेला तोच, आणि म्हणाल्या, "तुम्ही घरी काय करता हो, एकट्या?" मी म्हटलं, भरपूर कामं असतात. आणि गडबडीने निघाले, बस चुकेल म्हणून. बस लगेच नव्हती.

समितीपुढे मी येणार आहे. सांगणार आहे की तू माझ्याकडे राहा. तुझी खोली तशीच ठेवली आहे.

ताई

७ मे

बारक्या,

काल घरी कशी आले ते मला आठवत नाही.

मी समितीपुढे उभी राहिले, चांगली साडी नेसून. म्हटलं, माझ्या भावाने यावेळी हात उगारला आणि खाली घेतला, ते मी पाहिलं नाही पण मला माहीत आहे. माझं घर त्याचंच आहे. तिन्ही माणसांनी माना डोलावल्या. त्यांतली म्हातारी तर माझ्याकडे बघून छान हसली. मग त्यांनी तुला विचारलं.

आणि तू म्हणालास, "नको. ताईकडे नको."

सगळ्यांसमोर.

म्हातारीने विचारलं, का रे बाबा, बहीण एवढी म्हणते आहे. तू पायांकडे बघत म्हणालास, "बाहेर कुणी शिवी दिली तर मी आता उठून जाऊ शकतो. ताईसमोरून मला उठता येत नाही. राग मला सगळ्यात जास्त तिचाच येतो. आणि सगळ्यात जास्त तिच्याचजवळ राहावंसं वाटतं. दोन्ही एकदम आलं की मला काही सुचत नाही. परत खिडकी सापडेलच असं नाही."

त्यांनी लगेच तुला त्या कारखान्याच्या वसतिगृहाचा पत्ता लिहून दिला. बाईंनी तुझ्या पाठीवर थाप मारली. मी टाळ्या वाजवायच्या का?

दारू सोडलेला माणूस गुत्त्याच्या रस्त्याने जात नाही, तसा तू आता माझ्या गल्लीत येणार नाहीस. गुत्ता म्हणजे मी. वाढवलं, शिकवलं, तापात रात्रभर उशाशी बसले, आणि आता सुधारायचं तर माझ्यापासून लांब राहायचं. बरंय. वर्गाचा उपयोग होतो, माझी खात्री पटली.

पुढे मी पत्र लिहायची नाही.

१२ नोव्हेंबर

बारक्या,

तुझं पत्र मिळालं. तुझं अक्षर अजून तसंच आहे, कोंबडीने पाय उमटवल्यासारखं. पण मी ते इतक्या वेळा वाचलं की घडीवर फाटायला आलं.

कारखान्यातला मुकादम तुला सगळ्यांसमोर पळपुटा म्हणाला, आणि तू बाहेर गेलास, मागच्या अंगणात फळ्या रचत बसलास, आणि परत येऊन पॉलिश पुरं केलंस. हे मी इस्त्रीवालीला वाचून दाखवलं. हो, तिला सगळं सांगितलंय आता. विम्याची बाई कोण होती तेही. तुमच्या बाईंचाही अधूनमधून फोन येतो. त्या म्हणाल्या, आणखी काही महिने असेच गेले की तुझं नाव न परतलेल्यांत धरतील. त्यांच्या हिशेबात तू यशस्वी. माझ्या हिशेबात काय, ते मी त्यांना सांगितलं नाही. तुला सांगते. माझ्या हिशेबात तू शेवटचा माझ्या घरी जेवलास त्याला आठ महिने होतील. संध्याकाळी कुलूप काढताना मी मुद्दाम किल्ल्या वाजवते, आतून कुणी "कोण आहे" म्हणेल म्हणून नाही, सवय लागली आहे. घर खायला उठतं ते असं, बारक्या. मला वाटायचं नुसतं म्हणायची पद्धत आहे.

आणि तू विचारलंयस, "ताई, आता मला जमेल असं वाटतं. मुकादमाचं जमलं, तर तुझंही जमेल. घरी येऊन राहू का?"

हे वाचलं आणि मी उठून तुझी गादी उन्हात टाकली. खरंच टाकली. घड्याळवाल्या काकांनी भिंतीपलीकडून विचारलं, कोण येतंय? मी म्हटलं, बारक्या येतोय. त्यांनी म्हटलं, बरं झालं बाई. नंतर थोड्या वेळाने म्हणाले, "मी तेव्हा चोर ओरडायला नको होतं." मी म्हटलं, तुमचं काही चुकलं नाही.

पण मग गेल्या आठवड्यात एक गोष्ट झाली. कपडेखात्यात इस्त्रीवालीचं नि माझं वाजलं. कशावरून म्हणशील तर, तिने माझ्या नाड्यांचा गठ्ठा ओल्या टेबलावर ठेवला म्हणून. एवढ्यावरून. मी बोलले, ती बोलली, मी आणखी बोलले, जुनं सगळं उकरून काढलं. तिचे डोळे भरून आले. ती म्हणाली, "मी जाते बाहेर," आणि उठली. आणि मी तिची बाही धरली. घट्ट धरली, बारक्या. म्हटलं, "थांब, माझं बोलून झालेलं नाही." बाहीची शिवण उसवली तेव्हा कुठे मला कळलं की मी काय करते आहे.

तिची बाही मी शिवून दिली. ती बोलते माझ्याशी, मोठ्या मनाची आहे. पण मी घरी येऊन बसले आणि स्वतःलाच विचारलं, बारक्या आला, एक दिवस भांडण झालं, तो उठला, तर तू बाजूला होशील का? रागाच्या वर्गात बाई विचारतात तसं विचारलं, खोटं बोलायचं नाही म्हणून.

नाही होणार. अजून नाही. तू जायला उठलास की मला काहीच दिसेनासं होतं.

तू शिकलास. मी शिकलेले नाही. बाईंना विचारलं, माझ्यासारखीला वर्गात घेता का, मी काही कुणाला मारलेलं नाही. त्या म्हणाल्या, गुरुवारी या. कालच्या गुरुवारी पहिल्यांदा जाऊन आले. त्याच हिरव्या भिंती. मला उठून बाहेर जायला शिकायचं नाही, बसून राहायला शिकायचं आहे, समोरचा निघून जात असताना. फार अवघड आहे रे. घाम फुटला मला.

तेव्हा येऊ नकोस. सामान बांधलं असशील तर सोड. मी शिकेपर्यंत येऊ नकोस, मी पत्रात बोलावलं तरी येऊ नकोस, बाईंना विचारून मगच ये. तू आलास आणि माझ्यामुळे पुन्हा आत गेलास, तर मला जगता येणार नाही.

हे पत्र मी आत्ताच जाऊन पेटीत टाकते. घरात ठेवलं तर उद्या सकाळी फाडून टाकीन आणि "ये" असं दुसरं लिहीन.

तुझी
ताई